साडेतिनांतील अर्धें

गेल्या चैत्रांत सप्तशृंगीच्या गडाकडे पायीं निघालेले यात्रेकरू पाहात आम्ही घरचीं सारीं धुळ्यास ओसरीवर बसलों होतों. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत खानदेशांतील वाटा अशाच वाहात असतात. धाकटी सूनबाई माहेरची कोल्हापूरची. ती सहज हंसून म्हणाली, "मामंजी, आमची अंबाबाई पूर्ण पीठ, इकडची देवी तेवढी अर्धी!" बोलण्यांत कुत्सितपणा मुळींच नव्हता, परंतु आमच्या थोरल्या वहिनींच्या हातांतील जपमाळ थांबली. सप्तशृंगी ही आमची कुलस्वामिनी. त्या रात्रीं वहिनी पानावरून लवकर उठल्या.

देवस्थानांस प्रतवारी लावण्याची ही हौस केवळ आपलीच नव्हे. जपानांत इ. स. ९२७ मध्यें पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' नामक विधिसंग्रहांत २८६१ शिंतो देवस्थानांची नोंद आहे. पुढें १८७१ सालीं मेइजी सरकारनें देवस्थानांना थोरलीं, मधलीं, धाकटीं अशा सरकारी श्रेणी ठरवून दिल्या. इसे येथील सूर्यदेवतेचें स्थान मात्र सर्व श्रेणींच्या वर ठेविलें. महायुद्धानंतर, १९४६ मध्यें, ती व्यवस्था रद्द झाली. आपल्या साडेतीन पीठांवर कोणत्याहि सरकारची मोहोर नाहीं. मग हें अर्धें आलें कोठून?

दुसऱ्या दिवशीं मीं देवीभागवत काढलें. सातव्या स्कंधांतील देवीगीतेंत देवी स्वमुखानें हिमालयास आपलीं स्थानें सांगते. आरंभीं कोल्हापूर, दुसरें मातापूर म्हणजे माहूर, तिसरें तुळजापूर. आणि त्याच श्लोकार्धांत, 'तसेंच' एवढ्या शब्दानें जोडलेलें सप्तशृंग! क्रमांक तेथें थांबतो खरा, पण अर्धेपणाचा उल्लेख नाहीं. तो लोकांच्या तोंडचा. बाकी, पीठें किती याविषयीं ग्रंथांचें तरी एकमत कोठें आहे? कोठें ५१, तर याच ग्रंथांत अन्यत्र १०८.

जाणते लोक याचा उलगडा ओंकारावरून करितात: अ, उ, म हीं तीन पूर्ण पीठें, आणि वरची अर्धमात्रा ती सप्तशृंगी. सप्तशतीच्या पहिल्या अध्यायांत ब्रह्मदेव देवीस, उच्चारतां न येणारी अर्धमात्रा ती तूंच, असें म्हणतो. उलगडा मागाहून बसविलेला असावा, असें मला वाटतें. पण बसला आहे सुरेख. आणि साडेतीन मुहूर्तांत बलिप्रतिपदा अर्धी म्हणून त्या दिवशीं कोणी ओंवाळणी निम्मी घालीत नाहीं! आमच्या एरंडोलजवळचें पद्मालयहि अडीच गणेशपीठांत गणलें जातें. तेथील भक्तांस त्या आंकड्याचा अभिमानच वाटतो.

हें सारें मीं वहिनींना वाचून दाखविलें. त्या शांतपणें म्हणाल्या, "भावजी, मला मात्रा कळत नाहींत. मूर्तीवरचा शेंदराचा थर २०२२ सालीं उतरविला म्हणतात. तेव्हांपासूनचें तिचें रूप मीं पाहिलेलें नाहीं. गुडघे असे, पायऱ्या कशा चढूं?"

सूनबाई दाराआड ऐकत होती. ती पुढें येऊन म्हणाली, "मोठ्या आई, २०१८ पासून गडावर ट्रॉली आहे. मी येतें बरोबर."

आश्विनांत दोघी जाऊन आल्या. अठरा भुजांच्या त्या पाषाणमूर्तीसमोर ओटी सूनबाईनेंच भरली. घरीं आल्यावर वहिनींनीं प्रसादाचा खण तिच्या हातीं दिला आणि कोल्हापूरला मला केव्हां नेतेस, म्हणून विचारलें.