पडघा पडघाच राहू द्या

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी मागे पडली की पडघा लागतं. तिथून पुढे वासिंद, आसनगाव, शहापूर. मुरबाडचा रस्ता कल्याणहून फुटतो. शहापूर-मुरबाडच्या आपल्या कित्येक घरांची सोयरीक या पट्ट्यातली आहे. कुणाची खाला पडघ्याला, कुणाची सासुरवाडी बोरिवली गावात. म्हणून पडघ्याचं नाव टीव्हीवर आलं की इकडच्या घरांतही आवाज खाली येतो.

९ डिसेंबर २०२३ रोजी एनआयएने महाराष्ट्र आणि कर्नाटकात ४४ ठिकाणी छापे घातले. त्यात पडघा-बोरिवली होतं. १५ जणांना अटक झाली. तपास यंत्रणेचं म्हणणं असं, की आरोपींनी पडघा हे 'मुक्त क्षेत्र' म्हणून परस्पर जाहीर केलं होतं, त्याला 'अल-शाम' नाव दिलं होतं आणि बाहेरच्या मुस्लिम तरुणांना तिथे येऊन राहायला सांगितलं जात होतं. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. त्यामुळे या लेखात कुणाही आरोपीचं नाव नाही. पण या कल्पनेवर बोलायला निकालाची वाट पाहायची गरज नाही. ती आज कुणाच्याही मोबाईलवर येऊ शकते. आपणच तिचा हिशेब मांडलेला बरा.

मुक्त म्हणजे कुणापासून मुक्त? पडघ्याच्या शेताचा सातबारा सरकारी दप्तरात आहे. रेशन सरकारी दुकानातून येतं. दहावीचं मार्कशीट बोर्डाचं आहे. रात्री बाळंतीण अडली तर १०८ ला फोन जातो. असल्या 'देशा'ला नाव देणारा माणूस गावाला विहीर देत नाही, शाळा देत नाही, दवाखाना देत नाही. तो फक्त नाव देतो. आणि त्या नावाची किंमत गाव भरतं. ती भरणारा पोरगा बहुतेक वेळा त्या माणसाला ओळखतही नाही. तो भिवंडीच्या गोदामात हजेरीवर असतो किंवा मुरबाड एमआयडीसीत कंत्राटी. मुलाखतीत त्याला पहिला प्रश्न येतो, 'गाव कुठलं?' आणि उत्तर दिल्यावर दुसरा प्रश्न येत नाही.

खरं 'शाम' ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. २९ जून २०१४ रोजी आयसिसने खिलाफत जाहीर केली. जगातल्या एकाही देशाने, एकाही मुस्लिम देशाने, तिला मान्यता दिली नाही. त्याच सप्टेंबरमध्ये जगभरच्या १२६ मुस्लिम विद्वानांनी खुलं पत्र लिहून ही खिलाफत इस्लामच्या कसोटीवर खोटी ठरवली. मोसुलच्या ज्या नूरी मशिदीत त्यांचा 'खलिफा' मिंबरवर चढला होता, तीच शतकानुशतकांची मशीद जून २०१७ मध्ये पळता भुई थोडी झाल्यावर त्याच्याच माणसांनी उडवली. मार्च २०१९ मध्ये बागूझ पडलं आणि त्या राज्याच्या ताब्यातली शेवटची जमीन गेली. या पाच वर्षांत यझिदी बायाबापड्या बाजारात विकल्या गेल्या आणि हजारो मुसलमान मुसलमानांच्याच हातून मेले. २०१४ मध्येच आपल्या शेजारच्या कल्याणमधून चार तरुण इराकला गेले होते. एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला, तो थेट कोठडीत. चार आयांनी काय कमावलं, हे कुठल्याही तकरीरमध्ये सांगत नाहीत.

इराक लांब वाटत असेल तर मराठवाड्यात या. १९४७ मध्ये निजामाने हैदराबाद स्वतंत्र ठेवायचं ठरवलं. त्यासाठी शस्त्र घेऊन उभे राहिले रझाकार, आणि त्यांचा नेता होता लातूरचा वकील कासिम रझवी. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी लिहिलं, की हैदराबादने भारतात यावं, रझाकारांचा जुलूम थांबावा. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. महिनाभरात, १३ सप्टेंबरला, भारताची फौज आत आली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत 'स्वतंत्र' राज्य संपलं. रझवी तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. मागे राहिले ते उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्ग्याचे साधे मुसलमान, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी कधी बंदूक धरली नव्हती. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने पोलीस अॅक्शनच्या काळात आणि नंतर मेलेल्यांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. ही कत्तल करणाऱ्यांचा गुन्हा रझवीच्या नावावर टाकून त्यांना सोडता येत नाही. पण आगीशेजारी घरं उभी होती हे माहीत असून काडी ओढणाराही सुटत नाही. आणि शोएबुल्ला खान यांचं नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

इथे कुणीतरी म्हणेल, 'मुरबाडात भाई कोतवालांना हुतात्मा म्हणता. त्यांनीही दस्ता काढला, विजेचे मनोरे पाडले. मग फरक काय?' प्रश्न रास्त आहे, टाळू नका. कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात हिराजी पाटलांसोबत गोळीला बळी पडले. ज्या राज्याला मत देऊन खाली खेचायची सोयच नव्हती, त्या राज्याविरुद्ध ते लढले. मागितलं ते सगळ्यांसाठी. माथेरानच्या न्हाव्याच्या घरातला हा वकील, पण न्हाव्यांचा वेगळा मुलूख त्याने मागितला नाही. आणि दस्ता काढण्याआधी त्याने गरिबांसाठी शाळा चालवल्या, सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठी उभी केली. 'मुक्त क्षेत्र'वाल्यांनी कुठली शाळा काढली ते दाखवा, मग तुलना करू.

आता दुसऱ्या बाजूलाही सुनावलं पाहिजे. १५ जणांवरच्या आरोपासाठी हजारोंच्या गावाला आरोपी करणारे टीव्हीवाले आणि पुढारी त्या रिकाम्या 'देशा'साठी माणसं गोळा करायलाच मदत करतात. २००६ च्या लोकल बाँबस्फोट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी १२ जणांची शिक्षा रद्द केली. तोवर १९ वर्षं उलटली होती. मेलेल्यांच्या घरांना न्याय नाही आणि आत सडलेल्यांना गेलेली जवानी परत नाही. खटले लवकर चालवा, पुरावे आणा, दोषी असेल त्याला शिक्षा द्या. पण आमच्याकडून रोज निष्ठेचा दाखला मागू नका. तो तहसीलदारही देत नाही.

आणि आपल्या गावात आपली सत्ता हवी असेल तर तिचा रस्ता बंदुकीतून जात नाही. 'मुक्त प्रदेश' हा शब्द गडचिरोलीत नक्षलवाद्यांनीही वापरला. तिथल्या आदिवासींच्या वाट्याला दोन्हीकडच्या गोळ्या आल्या. त्याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाने घोषणा दिली, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार', आणि ती कायद्याने खरी केली. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक खुद्द केंद्रीय मंत्र्याने गावाच्या हातात दिलं. एक गोळी न झाडता.

अख्खा शहापूर तालुका आणि मुरबाडची कित्येक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला मोठे अधिकार दिले आहेत. भातसा, तानसा, वैतरणा मुंबईची तहान भागवतात आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हा प्रश्न ठाकूर-कातकरी शेजाऱ्यांचा आहे, कुणब्याचा आहे, तुमचाही आहे. त्यासाठी कधी ग्रामसभेत हात वर केला का? माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकला का?

केलेला करार पाळा, हा कुराणाचा हुकूम आहे. मौलाना हुसैन अहमद मदनींनी १९३८ मध्ये मदिन्याच्या कराराचा दाखला देऊन सांगितलं होतं, की वेगवेगळ्या धर्मांचे लोक मिळून एक कौम होऊ शकतात. संविधान हा आपला तसाच करार आहे. त्यावर सही केलेल्यांत आपले वडीलधारेही होते. तो मोडणारा सरकारात असो की मोबाईलच्या पलीकडे, जाब दोघांना विचारायचा.

तेव्हा कुणी तुम्हाला नवा देश देऊ लागला, तर त्याला आधी विचारा, त्याची स्वतःची पोरं कुठल्या शाळेत शिकतात. आणि २६ जानेवारीला ग्रामसभा असेल, तिथे पहिल्या रांगेत बसा.