फ्लिंटमध्ये गवत वाढतंय: मिशिगनमधल्या मराठी मंडळींना आवाहन

मंडळी, एप्रिल आला. ट्रॉय, नोव्हाय, कँटनमध्ये गॅरेजमधून मोअर बाहेर निघतील, लॉनवर वर्षातलं पहिलं खत पडेल. तिथून गाडीने तासाभरावर फ्लिंट शहर आहे. तिथल्या हजारो मोकळ्या प्लॉटवरही गवत वाढणार आहे, पण ते कापणारा मालक उरलेला नाही. जूनपर्यंत ते कमरेएवढं होतं. मग एका रात्री कुणीतरी जुने टायर आणून टाकतं, पाठोपाठ फाटका सोफा येतो. टायरमध्ये पाणी साचतं, डास होतात आणि शेजारच्या घरातली मुलं अंगणात खेळायची बंद होतात. गवताचा हंगाम सहा महिन्यांचा आणि कापणारे हात कमी. म्हणून हे तातडीचं आवाहन.

फ्लिंटची कहाणी गाड्यांच्या धंद्यात असलेल्यांना सांगायला नको. एके काळी एकट्या जनरल मोटर्सचे या भागात ८० हजारांच्या आसपास कामगार होते. १९६० साली शहराची वस्ती १ लाख ९७ हजारांच्या घरात होती, २०२० च्या जनगणनेत ती ८१ हजारांवर आली. माणसं गेली, घरं तिथेच राहिली. कर थकला की ती लिलावात निघत, सट्टेवाले ती चार पैशांत उचलत, कर न भरता तशीच ठेवत आणि काही वर्षांनी तेच घर आणखी पडक्या अवस्थेत पुन्हा लिलावात येई. १९९९ मध्ये राज्याने थकलेल्या करापायी होणाऱ्या जप्तीचा कायदा बदलला. त्याचा आधार घेऊन, फ्लिंट जिच्यात येतं त्या जेनेसी काउंटीचे तेव्हाचे खजिनदार डॅन किल्डी यांनी २००२ मध्ये लँड बँकेचा पाया घातला.

लँड बँक ही सार्वजनिक संस्था आहे, तिथे कर्ज मिळत नाही. करापायी जप्त झालेली आणि लिलावातही कुणी न घेतलेली घरं-जमिनी तिच्याकडे येतात. ती मालकीचे कागद निर्वेध करते, धोकादायक घर पाडते, धड असलेलं विकते, मोकळा प्लॉट शक्यतो लगतच्या घरमालकाला देते. विकलेल्या मालमत्तेच्या करातला अर्धा हिस्सा पुढची पाच वर्षं तिला मिळतो. पण न विकलेल्या हजारो प्लॉटचं काय? त्यातून तर काहीच येत नाही.

इथे वस्ती कामाला येते. जेनेसीच्या लँड बँकेचा ‘क्लीन अँड ग्रीन’ उपक्रम २००४ पासून चालू आहे. एखादं चर्च, एखाद्या गल्लीचं मंडळ, शेजाऱ्यांचा गट आपापल्या भागातले पंचवीस किंवा त्याहून जास्त प्लॉट हंगामभर सांभाळतो. कचरा उचलतो, दर काही आठवड्यांनी गवत कापतो, कुठे फुलझाडं लावतो. बँक गटाला मानधन देते. त्यात पेट्रोल आणि ट्रिमरची दोरी सुटते, वर शाळकरी मुलांच्या हाती थोडे पैसे पडतात. फायदा मात्र मोठा. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्लिंटमधल्या रस्त्यांची पाच उन्हाळ्यांची नोंद तपासली. रहिवाशांनी सांभाळलेल्या प्लॉटच्या रस्त्यांवर मारहाणीचे आणि हिंसक गुन्हे, तशाच पडलेल्या प्लॉटच्या रस्त्यांपेक्षा जवळपास ४० टक्के कमी निघाले. कापलेलं गवत म्हणजे इथे कुणाचं तरी लक्ष आहे, हे चोरालाही कळतं.

घाई का, तेही सांगतो. २०२१ च्या केंद्रीय मदतनिधीतून पडकी घरं पाडायला पैसा आला, आणि तो २०२६ अखेर खर्च व्हायलाच हवा. पाडलेल्या प्रत्येक घरामागे एक नवा मोकळा प्लॉट उरतो. पाडायला एकदाच पैसा लागतो, गवत मात्र दर वर्षी वाढतं.

आता थोडं कडू. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘डेट्रॉइटमध्ये हजार डॉलरमध्ये घर’ असे मेसेज फिरतात. बोली खरंच हजारापासून सुरू होते, पण डेट्रॉइट लँड बँकेची अट असते की सहा महिन्यांत घर राहण्याजोगं करा. ते करायची तयारी नसेल तर कृपा करून घेऊ नका. नुसती घेऊन ठेवलेली घरं हाच तर मूळ रोग आहे. ज्यांनी कुठूनही घेऊन ठेवली आहेत, त्यांनी या उन्हाळ्यात दुरुस्त करावीत, नाहीतर राहायला येणाऱ्याला विकून टाकावीत.

ज्यांची घरं करापायी गेली त्यांनी कर भरला असता तर ही वेळ आली नसती, असंही कुणी म्हणू नये. डेट्रॉइटमध्ये २०१० ते २०१६ दरम्यान घरमालकांवर किमान ६० कोटी डॉलरची जास्तीची आकारणी झाल्याचं डेट्रॉइट न्यूजने २०२० मध्ये उघड केलं. आणि ओकलंड काउंटीत, जिथे आपल्यातले कितीतरी राहतात, साउथफील्डमधल्या एका घराच्या कराचे ८ डॉलर ४१ सेंट कमी भरले गेले होते. काउंटीने घर २४,५०० डॉलरला विकलं आणि वरची सगळी रक्कम ठेवून घेतली. जुलै २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असं करणं घटनाबाह्य ठरवलं.

म्हणून आपल्यातल्या अकाउंटंट आणि वकिलांना वेगळी विनंती. कमी उत्पन्नाच्या घरमालकांना मिशिगनमध्ये मालमत्ता करात सूट मिळते, पण तिचा अर्ज सहसा दर वर्षी भरावा लागतो, आणि कित्येक वयस्कर माणसं त्या कागदांतच अडकतात. महिन्यातले दोन शनिवार वस्तीतल्या संस्थेत बसून असे अर्ज भरून द्या. राहतं घर रिकामं होऊ न देणं हे रिकामं घर पुन्हा वसवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

बाकीच्यांनी हात द्यावा. पण आपलं आपण जाऊन खड्डे खणू नयेत. महाराष्ट्रातल्या दुष्काळी गावांत पाणी अडवायला ‘जलमित्र’ म्हणून श्रमदानाला गेलेल्या शहरी माणसांनी गावाने आखलेल्या रेषेवरच खणलं होतं. इथेही तेच. आधी लँड बँकेला फोन करून कुठल्या वस्तीतल्या गटाला माणसं हवी आहेत ते विचारा, आणि त्या गटाचा म्होरक्या सांगेल ते काम करा. ट्रिमर, जाड हातमोजे, कचऱ्याच्या पिशव्या न्या. ज्याच्याकडे पिकअप आहे त्याने टायर उचलायला यावं. कोथिंबीर-मेथी लावायचा मोह होईल, पण पाडलेल्या घराच्या मातीत शिसं असू शकतं. भाजी लावायचीच तर गटाची परवानगी घेऊन, बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यात.

आणि एका दिवसाचे फोटो काढून परतायला जाऊ नका. तीन आठवड्यांनी गवत पुन्हा गुडघ्याला लागतं. चार कुटुंबांनी मिळून एक गट धरावा, पाळी लावावी आणि ऑक्टोबरपर्यंत ती मोडू देऊ नये. फोन याच आठवड्यात करा.