लांब शब्द कुठे तोडावा?

मुक्ताईनगर हे नाव सहा अक्षरी आहे. तरी जळगावच्या काय अन् धुळ्याच्या काय, एस.टी.च्या पाटीवर ते वाचताना कोणी अडखळत नाही. कारण मुक्ताई माहीत आहे आणि नगरही माहीत आहे. पण 'अनएम्प्लॉयमेंट' दिसला की सगळे चिडीचूप! मग यू-एन-ई-एम-पी अशी घोकंपट्टी सुरू. मला ही पद्धत मुळीच पटत नाही.

पूर्वी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचे. सन २००० पासून आपल्या राज्यात ते पहिलीपासूनच आहे. एवढी वर्षे शिकूनही लांब शब्द आला की आपण तो गाळून पुढे पळतो. आपले डोके काही कमी नाही, फक्त शब्द कुठे तोडायचा ते कोणी पाहत नाही.

शब्दाला सांधे असतात. 'अन' म्हणजे नाही, 'एम्प्लॉय' म्हणजे कामावर ठेवणे, आणि 'मेंट' लागून त्याचे नाम झाले. आता मराठी शब्द पाहा : बे, रोजगार, ई. इकडेही तीनच तुकडे, आणि नकार दोन्हीकडे पहिला!

आपल्यापैकी बरेच जण घरी अहिराणी बोलतात. घरी 'गावना' म्हणतात अन् शाळेत 'गावचा' लिहितात. म्हणजे 'ना' काढून 'चा' जोडतात. हे काय कोणी पाठ करून घेतले होते? म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, "स्पेलिंग पाठ झालं का?" असे विचारण्याआधी "याचे तुकडे काय रे?" असे विचारा. त्याला स्वतःला इंग्रजी यावे लागत नाही.

कोणी म्हणेल, टाळ्या वाजवून शब्द तोडायला गुरुजींनी शिकवलेच आहे. उच्चारासाठी ते चांगलेच आहे. पण जीभ एका जागी तोडते आणि अर्थ दुसऱ्या जागी. 'विद्यार्थी'ला टाळ्या तीन, वि-द्या-र्थी. अर्थाचे तुकडे मात्र दोनच, विद्या आणि अर्थी. सांधा लपलाय मधल्या 'द्या'मध्ये.

हेलिकॉप्टरचेही तसेच. आपण हेलि-कॉप्टर असे तोडतो. पण तो शब्द ग्रीक भाषेवरून आला. 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखे फिरणारे आणि 'प्टर' म्हणजे पंख. गंमत अशी की इंग्रजी बोलणाऱ्यांनीही तो चुकीच्या जागीच तोडला आणि त्या अर्ध्या तुकड्याला 'पॅड' जोडून 'हेलिपॅड' केला. मंत्री आले की उतरतात मात्र त्याच्यावरच!