ठिगळाचे भूत

२०२४ साली ‘मुंज्या’ आणि ‘स्त्री २’ यांनी जो गल्ला जमविला, त्यानंतर हसविणाऱ्या भुतांचा व्यापार हिंदी चित्रपटसृष्टीत भलताच तेजीत आला. ‘मुंज्या’ तर कोकणातला, दिग्दर्शकही मराठी. तेव्हा इंदुरात आमच्या घरांतूनही त्याचे कौतुक झाले. मला मात्र ही भुते फार श्रीमंत वाटतात. त्यांना कुठे ठिगळच नसते.

माझे आवडते भूत जपानी आहे. शिनइचिरो उएदा यांचा ‘कॅमेरा थांबवू नका’ अशा अर्थाच्या नावाचा २०१७चा चित्रपट तोक्योतील एका शिकवणी-वर्गातून निघाला. खर्च सुमारे ३० लाख येन, नट सारे अनोळखी. जून २०१८मध्ये तो अवघ्या दोन चित्रगृहांत लागला आणि पाहणाऱ्यांच्या तोंडी शिफारशीवर वाढत ३ अब्ज येनांपलीकडे गेला.

पहिली ३७ मिनिटे अखंड एका चित्रणाची. चित्रपट काढणाऱ्या मंडळींवर चालती प्रेते धावून येतात. पण मध्येच नट गप्प होतात, एकजण विनाकारण बाहेर निघून जातो. प्रेक्षक येथेच कंटाळतो. त्याने उठू नये. पुढे कळते, की हे थेट प्रक्षेपण होते: एक नट दारूने लोळला होता, एकाचे पोट बिघडले होते, न आलेल्यांच्या जागी दिग्दर्शक व त्याची बायकोच उभी होती. शेवटचे दृश्य उंचावरून घ्यायचे, तर क्रेन मोडलेली. मग सारेजण एकमेकांच्या पाठीवर चढून मनोरा रचतात. (शेवट फोडला, क्षमा असावी.)

आमच्या गणेशोत्सवातल्या एका नाटकात ऐन भुताच्या प्रवेशाला वीज गेली, तेव्हा भुतानेच विंगेतून कंदील आणून पुढचे वाक्य म्हटले. त्या रात्रीची मोठी टाळी तीच. अशा वेळी भीती भुताची नसते. प्रयोग पार पडतो की नाही, याची असते, आणि ती नटाइतकीच प्रेक्षकालाही असते. पैशाने ही भीती विकत मिळत नाही. २०२२ साली याच चित्रपटाच्या फ्रेंच आवृत्तीने कान महोत्सवाचे उद्घाटन झाले. पण नामांकित नटांचे दारिद्र्य मला पटले नाही.

काळजी वेगळीच आहे. चित्रगृहात तिकिटाचे पैसे दिलेले असतात, म्हणून माणूस ती कंटाळवाणी ३७ मिनिटे बसतो. घरच्या पडद्यावर त्याचे बोट दहाव्या मिनिटालाच पुढच्या चित्रपटाकडे जाते. माझ्या नातवाचे गेलेच होते; मी त्याचा हात धरून ठेवला.