नाटेकरांचा वारसा आणि कोंडाण्याचे मूल

१५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे इंडोनेशियाचा ३-० असा पराभव करून भारताने थॉमस चषक प्रथमच जिंकला. १९५१ ते १९६३ या काळात याच स्पर्धेत भारताची बाजू लढविणारे नंदू नाटेकर हा विजय पाहावयास नव्हते; २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते. १९३३ साली सांगलीत जन्मलेले नाटेकर आरंभी टेनिस खेळत. बॅडमिंटनकडे वळल्यावर त्यांनी राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद सहा वेळा मिळविले, १९५४ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि १९५६ मध्ये क्वालालंपूर येथील सेलांगर स्पर्धा जिंकली. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनमधील पहिला मान त्यांनाच मिळाला.

हे कर्तृत्व थोर आहे. परंतु त्याचे श्रेय केवळ एका मनगटाला देऊन थांबणे बरोबर नाही. प्रतिभा कोणत्या घरी जन्मावी हे कोणी ठरवीत नाही. ती कोठे वाढावी हे मात्र समाज ठरवितो. बॅडमिंटन हा छपराखालचा खेळ. सोळा पिसांचे, जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे फूल वाऱ्याची झुळूकही सोशीत नाही. त्यास उंच छताचे सभागृह लागते, आणि सरावात फुले भराभर झिजतात. म्हणजे आधी मोठा भांडवली खर्च आणि मागाहून रोजचा चालू खर्च. कबड्डीप्रमाणे मोकळ्या मैदानावर हे भागत नाही.

या खेळाचे नियम १८७०च्या दशकात पुण्यातील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी बांधले. पुढे पुण्या-मुंबईच्या जिमखान्यांनी तो जोपासला. या दोन शहरांना जोडणारा लोहमार्ग कर्जतवरून घाट चढतो. तेथून जवळच, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे आहे. तेथील ठाकर वा कातकरी वाडीतल्या एखाद्या मुलीच्या अंगी नाटेकरांचे कौशल्य असले, तरी ते कळावे कसे? चार महिने धो धो पाऊस, उरलेल्या दिवसांत वारा, आणि डोक्यावर छप्पर नाही.

विजयानंतर शासन रोख पारितोषिके जाहीर करते. विजयापूर्वीची दहा-बारा वर्षे मात्र खर्च आईबापांचा असतो. जोखीम कुटुंबाने पत्करावयाची आणि शासनाने केवळ यशात भागीदार व्हावयाचे, असा हा व्यवहार आहे. ज्यांना हरणे परवडते, तेच या डावात उतरू शकतात. २००१ चे ऑल इंग्लंड विजेते गोपीचंद यांच्या अकादमीसाठी तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने हैदराबाद येथे पाच एकर जमीन दिली; तरीही त्यांना स्वतःचे घर गहाण ठेवावे लागले. त्याच अकादमीतून सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू यांची २०१२ व २०१६ ची ऑलिंपिक पदके आली. सार्वजनिक जमिनीचे एवढे फळ मिळते, तर सार्वजनिक खर्चाचे किती मिळेल?

महाराष्ट्रात तालुका क्रीडा संकुलांची योजना आहे. पण इमारत उभी राहिली म्हणजे काम संपत नाही. वाडीवरच्या मुलांचे एस.टी.चे भाडे, फुलांचा खर्च आणि प्रशिक्षकाचा नियमित पगार अंदाजपत्रकात आला पाहिजे, आणि सभागृहाची सायंकाळ शुल्क भरणाऱ्यांनाच मिळता कामा नये. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभेत व पंचायत समितीत पाण्या-रस्त्यांच्या जोडीने मांडावयास हवा.

कोंडाण्याच्या कातळात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंच्या निवाऱ्यासाठी विहार कोरला गेला. त्या काळच्या समाजाला जे जमले, ते आपल्या मुलांसाठी करणे आजच्या शासनास जड जाऊ नये.