रस्त्याचा क्रमांक आणि रस्त्याचा धनी

आमच्या धर्माबादकडे रस्ता विचारला तर कुणी क्रमांक सांगत नाही. ‘बासरचा रस्ता’, ‘नांदेडचा रस्ता’ एवढ्यावर भागते. किलोमीटरच्या दगडावरची ‘रा. मा.’, ‘प्र. जि. मा.’ ही अक्षरे आपण एसटीच्या खिडकीतून पाहतो आणि विसरतो. पण खड्डा कुणी बुजवायचा, याचे उत्तर त्याच अक्षरांत दडलेले असते.

रस्त्यांची ही उतरंड जुनी आहे. १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्यांच्या ‘नागपूर योजने’ने पाच पायऱ्या ठरवल्या : राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. राजधान्या जोडणारा सर्वांत वर, शिवारातून गावात शिरणारा सर्वांत खाली. पायरीनुसार धनीही बदलतो. पहिल्याचा खर्च केंद्राचा, पुढच्या दोहोंची जबाबदारी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची, शेवटच्या दोहोंची जिल्हा परिषदेची.

क्रमांकांचेही तसेच. जिल्हा मार्गाचा क्रमांक जिल्ह्यापुरता. नांदेडचा दहा आणि लातूरचा दहा यांचे काही नाते नाही. राष्ट्रीय महामार्गांना २०१० मध्ये नवे क्रमांक मिळाले. दक्षिणोत्तर जाणारे सम, पूर्व-पश्चिम जाणारे विषम. नागपूर-हैदराबादचा जुना सात आता ४४ झाला. परभणी-नांदेडवरून निर्मलकडे जाणारा २२२ आता ६१ आहे. तीन आकडी क्रमांक म्हणजे फाटा. शेवटचे दोन आकडे मूळ मार्गाचे. म्हणून अकोल्याहून नांदेड-देगलूरकडे उतरणारा १६१ आणि तुळजापूर-लातूर-नांदेड जोडणारा ३६१, ही दोन्ही ६१ चीच लेकरे.

दर्जाला किती किंमत असते, हे २०१७ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. महामार्गांलगत दारूविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागू होताच अनेक राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचे तुकडे घाईघाईने पालिकांच्या गळ्यात घालण्याचा खटाटोप केला. रस्ता तोच, डांबर तेच. कागदावरचा शब्द तेवढा बदलायचा!

माझ्या मते खरी अडचण या उतरंडीच्या तर्कात आहे. तिथे रस्त्याचे मोठेपण राजधानी, जिल्हा, तालुका अशा मुख्यालयांवरून ठरते. धर्माबाद १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. इथल्या मिरचीच्या बाजाराचा, सोयरिकींचा, बासरच्या सरस्वतीला जाणाऱ्या भाविकांचा ओढा आजही पलीकडे आहे. पण जिल्ह्याच्या नकाशावर पलीकडचे काही दिसतच नाही. सीमेवर जिल्हा मार्गाचा क्रमांक संपतो, पुढे दुसऱ्या राज्याची वही सुरू होते. माणसाच्या दृष्टीने जो मधला रस्ता, तो सरकारच्या दृष्टीने शेवटचा. २०१८ मध्ये या तालुक्यातील काही सरपंचांनी आम्हाला तेलंगणात घ्या, अशी मागणी केली, तिच्यामागे ही टोकाला पडल्याची भावना होती.

दर्जोन्नती हा त्यावरचा एक उपाय, पण तो अपुरा आहे. वरची पायरी मिळाली म्हणून निधी आपोआप येत नाही. सीमेवरच्या रस्त्यांचा विचार दोन्ही राज्यांनी एकत्र बसून, प्रत्यक्ष वाहतूक मोजून करायला हवा. आणि आपणही निवेदन देण्याआधी एवढे जरूर पाहावे, की दगडावर अक्षरे कोणती आहेत. धनी कोण हेच ठाऊक नसेल, तर गाऱ्हाणे कुणाच्या दारात मांडणार?