रूम टेम्परेचर? कुणाची रूम?

'रेड वाईन रूम टेम्परेचरलाच प्यायची असते' हे वाक्य आपल्याकडचे वाईन पिणारे लोक सोवळ्याच्या नियमासारखं पाळतात. का, ते कुणी विचारत नाही आणि मोडायची हिंमतही कुणी करत नाही. मे महिन्यात पुण्यातल्या फ्लॅटमध्ये रात्री नऊलासुद्धा ३२ अंश असतात. तिथे शोकेसमधली बाटली काढून कोमट रेड पाहुण्यांपुढे ठेवतात, आणि कुणी बर्फ मागितला की बाकीचे एकमेकांकडे बघतात. माझ्या मते बर्फ मागणारा शहाणा आहे आणि बघणारे अडाणी.

हा नियम आला कुठून? फ्रेंचांकडे 'शांब्रे' असा शब्द आहे. १०-१२ अंशांच्या तळघरातली बाटली वर खोलीत आणून थोडी उबदार करायची, इतकाच त्याचा अर्थ. ती खोली दगडी भिंतींची, सेंट्रल हीटिंगच्या आधीच्या काळातली. म्हणजे फार तर १६ ते १८ अंश. बाटली गरम करायची ती इतकीच. आपण आकडा टाकून दिला आणि शब्द तेवढा उचलला. दुसऱ्याच्या सर्व्हरची सेटिंग न वाचता आपल्या मशीनवर चिकटवली, तर ऑफिसात आम्हाला बोलणी बसतात. इथे त्यालाच अभिरुची म्हणतात.

या दहा-पंधरा अंशांनी खूप फरक पडतो. शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब २० अंशांना पाऱ्याच्या सुमारे ४४ मिलिमीटरइतका असतो, ३० अंशांना सुमारे ७८. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. वाईनमध्ये पाणी जास्त असलं तरी कल तोच. कोमट ग्लासात नाक घातलं की आधी स्पिरिटचा भपकारा येतो आणि फळाचा, मसाल्याचा वास त्याच्यामागे दडतो. जिभेचंही तसंच. गोड चव ओळखण्यात भाग घेणारी टीआरपीएम५ नावाची वाहिनी १५ ते ३५ अंशांदरम्यान उष्णतेबरोबर जास्त काम करते, हे २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. गरम वाईनमधला आंबटपणा मागे पडतो, गोडसरपणा पुढे येतो आणि सगळं सैल, जॅमसारखं लागतं.

उलट टोकही वाईटच. फ्रिजमधून थेट काढलेल्या ५ अंशांच्या कॅबर्नेचा वास मिटून जातो, आणि टॅनिनचा तुरटपणा कच्च्या सुपारीसारखा जीभ धरतो. म्हणून कॅबर्ने, शिराझ यांसारख्या भारदस्त वाईन १६-१८ अंशांना आणि बोजोलेसारख्या हलक्या १२-१४ला. 'थंड केली की रेड मरते' असं म्हणणाऱ्यांनी इटलीतली लाम्ब्रुस्को आठवावी. ती गारच पितात. स्पेनमध्ये तर साधी माणसं उन्हाळ्यात रेडमध्ये बर्फ आणि लिंबाचा सोडा घालून 'तिंतो दे वेरानो' पितात. ज्यांच्याकडून आपण वाईन शिकलो, त्यांना लाज वाटत नाही.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. एका चांगल्या रेस्टॉरंटमध्ये मी नाशिकच्या शिराझसाठी बर्फाची बादली मागितली. वेटरने समजुतीच्या सुरात सांगितलं, "मॅडम, ती व्हाईटसाठी असते." शेजारच्या टेबलावर तशीच कोमट शिराझ पीत एक गृहस्थ म्हणाले, "इंडियन वाईन शेवटी इंडियनच." हा निकाल चुकीच्या पुराव्यावर दिलेला होता. जानेवारी ते मार्च उन्हात उभं राहून द्राक्षं काढणाऱ्यांच्या मालाला आपण आधी दुकानाच्या तापलेल्या फळीवर उकडतो, मग तसाच पितो आणि नाव नाशिकला ठेवतो. बोर्दोची महागडी बाटली याच फळीवर ठेवून बघा. प्रत्येक नाशिकची वाईन उत्तम असते असं मी म्हणत नाही. पण वाईट आहे हे ठरवायचं तर ती निदान प्यायच्या अवस्थेत तरी असावी.

'हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत,' असंही कुणी म्हणेल. उलट आहे. महागडे चोचले म्हणजे वाईनचं वेगळं कपाट आणि क्रिस्टलचे ग्लास. बर्फ प्रत्येक घरात असतो. पाश्चात्त्य सल्ला म्हणतो, वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तो त्यांच्या २१-२२ अंशांच्या बाटलीसाठी. आपली ३२ अंशांची बाटली फ्रिजमध्ये तास-दीड तास लागू देते. घाई असेल तर पातेल्यात बर्फ आणि पाणी, दोन्ही घ्या. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. ओतताना थोडी जास्तच गार असू द्या आणि थोडी थोडी ओता, कारण आपल्या हवेत ग्लास लगेच तापतो.

आणि कुणी हसलं, तर त्याला खोलीचं तापमान विचारा.